टॅलीतली एक धाव

परवा रात्री आमच्या हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये मॅच चालू होती. खुर्च्या बारा, माणसं साठ. पंखा एक, तोही फक्त आवाज करणारा. तुम्हाला सांगायला नकोच, तुम्हीपण त्या साठांतलेच!

माझ्या शेजारी सेकंड इयरचा एक मुलगा होता. त्याचं नाव नाही सांगत, कारण त्याला एम-थ्रीच्या नोट्स माझ्याकडूनच हव्या आहेत. त्याला व्हायव्हात ओहमचा नियम विचारला तर छताकडे बघतो, पण आपला कुठला बॅट्समन पॉवरप्लेमध्ये डावखुऱ्या बॉलरला किती स्ट्राइक रेटने खेळतो, हे त्याला झोपेतही पाठ. प्रत्येक बॉलच्या आधी तो एक आकडा सांगायचा आणि आम्ही माना डोलवायचो. मजा येत होती.

मग आपल्याच एका फिल्डरच्या हातून कॅच सुटला. पुढची दोन मिनिटं या आकडेपंडिताच्या तोंडातून जे बाहेर पडलं, ते मॅगझिनच्या कुठल्याच सेक्शनमध्ये छापता येणार नाही. त्या फिल्डरची आई, बहीण, सगळं खानदान निघालं. बाकीच्यांनी साथ दिली. मीही हसलो. दाराशी स्टूल टाकून वॉचमन काका मॅच बघत बसले होते. ते हळूच उठले, स्टूल उचललं आणि गेटवर निघून गेले. काही बोलले नाहीत. त्यांची मुलगी आपल्याच वयाची आहे.

त्या स्टूलमुळे हा लेख लिहायला घेतला.

आधीच कबूल करतो, मी कॉन्व्हेंटवाला. दहावीपर्यंत मराठी म्हणजे आठवड्यातून चार तास आणि तेवढेच मार्क. ऱ्हस्व-दीर्घाबद्दल संपादक मंडळाची आणि मराठीप्रेमींची आधीच माफी मागतो. पण हा विषय मला इंग्लिशमध्ये सुचतच नाही. कारण तो माझ्या गावचा आहे आणि त्यातली चूक माझी आहे.

माझं गाव काल्हेर. ठाण्याहून भिवंडीला निघालात की कशेळीचा पूल ओलांडल्यावर लागतं ते. आज तुम्हाला तिथे गोडाऊन, कंटेनर, टॉवर आणि मेट्रोचे खांब दिसतील. आमच्या आजोबांच्या वेळी एका बाजूला खाडी आणि बाकी सगळीकडे भातशेती होती. भात कापलं की रिकाम्या शेतात खेळपट्टी तयार व्हायची आणि पुढच्या पावसापर्यंत क्रिकेट. अजूनही थंडी पडली की आमच्या पट्ट्यात गावोगावी टेनिस बॉलच्या टुर्नामेंट लागतात. फक्त शेतं कमी झाली आणि डीजे वाढले.

आजोबा भिवंडीत लूमवर मुकादम होते. शिक्षण चौथी. त्यांना दोनच शौक. एक पान आणि दुसरा रेडिओवरची कॉमेंट्री. बाळ ज. पंडितांची मराठी कॉमेंट्री त्यांनी इतकी ऐकली होती की जेवताना आजीने आमटी वाढली तरी ते "आणि चेंडू सीमारेषेपार!" म्हणायचे. त्यांच्याकडे लाल पुठ्ठ्याच्या वह्या होत्या. मुळात लूमच्या हिशेबासाठी आणलेल्या, पण त्यात कापडाचे मीटर कमी आणि धावाच जास्त. डाव्या पानावर आपली टीम, उजव्या पानावर समोरची.

त्यातलं एक पान मला लहानपणापासून आठवतं. १९७८ ची लाहोरची टेस्ट. उजव्या पानावर 'झहीर अब्बास नाबाद २३५' आणि खाली दोन रेघा ओढलेल्या. मी विचारलं होतं, "आजोबा, पाकिस्तानवाल्याला कशाला अंडरलाइन?" ते म्हणाले, "त्यानं केल्या ना? मी नाय लिवल्या तर काय कमी होतील का?"

तेव्हा मला हा नुसता जोक वाटला होता. त्यामागची गोष्ट कळायला मला वीस वर्षं आणि एक चूक लागली.

चुकीकडे येण्याआधी थोडं अमेरिकेला जाऊन येऊ, कारण माझ्या डोक्यात हा विषय घुसवला तो माझ्या आतेभावाने. आत्या न्यू जर्सीला असते. तिचा मुलगा जन्मापासून तिथलाच, त्यामुळे क्रिकेट त्याला कळत नाही आणि बेसबॉल मला. एकदा व्हिडिओ कॉलवर त्याने मला त्याचं स्कोअरकार्ड दाखवलं. मला वाटलं, हा मॅच सोडून सुडोकू सोडवतोय! तिथे अजूनही बरेच जण स्टेडियममध्ये कागद-पेन्सिल घेऊन बसतात आणि मॅचचा प्रत्येक प्रसंग स्वतः लिहितात. प्रत्येक फिल्डरच्या जागेला नंबर असतो, १ ते ९. पिचर १, कॅचर २, असं. ६-४-३ लिहिलं की समजायचं, शॉर्टस्टॉपने बॉल उचलला, सेकंड बेसवाल्याला दिला, त्याने फर्स्ट बेसवाल्याला फेकला, आणि दोघे आउट. अख्खा प्रसंग तीन आकड्यांत! आपल्या इंजिनीअरिंग ड्रॉइंगपेक्षा नक्कीच सुटसुटीत.

गंमत म्हणजे ही सवय लावणारा माणूस मुळात क्रिकेटवाला. हेन्री चॅडविक, जन्म इंग्लंडमधला, १८२४ चा. लहानपणी अमेरिकेला गेला, पेपरात क्रिकेटच्या बातम्या द्यायचा, मग बेसबॉलकडे वळला. बेसबॉलच्या बॉक्स स्कोअरचा, म्हणजे मॅचचा हिशेब एका चौकटीत मांडण्याच्या पद्धतीचा जनक म्हणून त्याचंच नाव घेतात. क्रिकेटच्या स्कोअरबुकाचं बेसबॉल हे तसं धाकटं भावंडच.

आतेभावाने अजून दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे बॅटिंग चालू असताना मध्येच उठून लोकांच्या पुढ्यातून जायचं नाही. तो बॅटर संपला की मग उठायचं, नाहीतर मागच्या माणसाचं स्कोअरकार्ड चुकतं. दुसरी म्हणजे बेसबॉलच्या धावफलकावर रन्स आणि हिट्सच्या शेजारी तिसरा कॉलम असतो, एरर्सचा. चुकांचा! कुणाच्या हातून सोपा बॉल सुटला तर ते अधिकृतपणे लिहिलं जातं. मी म्हटलं, "बापरे, केवढा अपमान!" तो म्हणाला, "उलटं आहे. एकदा लिहिलं ना, की विषय संपला."

आपल्या क्रिकेटच्या स्कोअरबुकात सुटलेल्या कॅचला जागाच नाही. त्यामुळे तो कॉलम आपण तोंडाने भरतो!

अमेरिकन प्रेक्षक सगळे संत असतात असं मात्र अजिबात नाही. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये शिकागोला कब्ज विरुद्ध फ्लोरिडा मार्लिन्स सामना होता. कब्ज ३-० ने पुढे, अजून पाच जण बाद केले की वर्ल्ड सिरीज, जी त्यांनी १९४५ नंतर पाहिलीच नव्हती. तेवढ्यात एक बॉल प्रेक्षकांच्या कठड्याकडे आला. कुणीही करतो तसा एका साध्या प्रेक्षकाने हात पुढे केला आणि कब्जच्या फिल्डरचा कॅच हुकला. त्यानंतर मार्लिन्सने त्याच डावात आठ रन काढले आणि कब्ज हरले. लोकांनी त्या प्रेक्षकावर बिअर फेकली, शिव्या दिल्या, सिक्युरिटीला त्याला बाहेर काढावं लागलं. पुढची कितीतरी वर्षं तो बिचारा लोकांसमोर आलाच नाही.

पण त्या दिवसाचं पूर्ण स्कोअरकार्ड बघा. त्याच डावात कब्जच्या शॉर्टस्टॉपच्या हातून सोपा बॉल सुटला, त्याची एरर लिहिलेली आहे. ते आठ रन कब्जच्या पिचर्सच्या बॉलिंगवर गेले. आणि दुसऱ्या दिवशी अजून एक मॅच होती, तीही कब्ज हरले. म्हणजे कागदावर तो माणूस निर्दोष आहे! शेवटी २०१६ मध्ये कब्ज वर्ल्ड सिरीज जिंकले आणि २०१७ मध्ये क्लबने त्याला चॅम्पियन टीमची अंगठी दिली. चौदा वर्षांनी. ज्यांनी बिअर फेकली त्यांनाही आकडे पाठच असणार. फक्त त्या रात्री ते सगळं पान वाचायच्या मूडमध्ये नव्हते.

आता माझी चूक.

गेल्या वर्षी जानेवारीत घरी गेलो होतो. गावात टुर्नामेंट होती. आठ-आठ ओव्हर्स, मोठा चषक, यूट्यूबवर लाइव्ह, सगळं एकदम झोकात. इंजिनीअरिंगला आहे म्हणजे बेरीज येत असेल, या भोळ्या समजुतीने कमिटीने मला स्कोअरच्या टेबलावर बसवलं. नियम असा की दोन्ही टीमचा एक-एक स्कोअरर शेजारी बसतो आणि प्रत्येक ओव्हरनंतर दोघांचा आकडा जुळवायचा. पण पाहुण्या टीमचा एक खेळाडू आलाच नव्हता, म्हणून त्यांचा स्कोअरर पॅड... म्हणजे पॅड कुठले, बूट घालून बॅटिंगला गेला. मी एकटा.

आमच्या टीमने ६५ केले. पाहुण्यांना ६६ हवे होते. पाचव्या ओव्हरमध्ये त्यांच्या एका मुलाच्या मांडीवर बॉल जोरात बसला. तो तसाच लंगडत पळाला आणि एक लेग-बाय पूर्ण केली. आमच्या बाजूने एकच हशा! कुणीतरी ओरडलं, "ए लंगड्या!" मग डीजेवाल्याने माइकवर तेच म्हटलं. मग अख्ख्या मैदानाने. टाळ्यांच्या तालावर लंगड्या, लंगड्या! मी लेग-बायच्या रांगेत एक टिंब दिलं आणि मान वर करून हसलो. चांगला पोटभर हसलो.

ज्यांनी कधी स्कोअर लिहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं टेक्निकल. स्कोअरबुकात प्रत्येक धाव तीन ठिकाणी जाते. एक, बॅट्समनच्या किंवा अवांतरच्या रांगेत. दोन, बॉलरच्या चौकोनात. बाय आणि लेग-बाय तेवढे बॉलरच्या नावावर चढत नाहीत. आणि तीन, टॅलीत. टॅली म्हणजे १, २, ३, ४ असे ओळीने छापलेले आकडे. धाव झाली की पुढचा आकडा खोडायचा. माइकवर सांगतात तो स्कोअर टॅलीचा.

शेवटच्या बॉलनंतर टॅलीत ६४ खोडलेले होते. आम्ही एका धावेने जिंकलो! फटाके, गुलाल, डीजे. माझ्या पाठीवर इतके धपाटे बसले की जणू कॅच मीच घेतला. मी पद्धतीप्रमाणे बेरजा करायला बसलो. बॅट्समन मिळून ५७. अवांतर ८, त्यात वाइड ५ आणि लेग-बाय ३. म्हणजे ६५. बॉलर्सच्या नावावर ६२, अधिक लेग-बाय ३. परत ६५. पुन्हा केली. पुन्हा ६५.

टॅलीत ६४.

मॅच टाय होती. नियमाप्रमाणे एक-एक ओव्हर अजून खेळवायला हवी होती. हसण्याच्या नादात मी एक आकडा खोडायचा विसरलो होतो, बस्स. समोर बक्षीस समारंभ चालू झाला होता. मी टेबलावरून उठलो, दोन पावलं टाकली, आणि समोरचा गुलाल बघितला. तीन-चारशे माणसं, आणि आत्ताच ती एका जखमी पोराला लंगड्या म्हणून नाचली होती. यांना जाऊन सांगू, की थांबा, आपण जिंकलो नाही? "तू आमचा हायेस का त्यांचा?" हा प्रश्न मला आधीच ऐकू आला.

मी वही मिटली. पाहुणे टेम्पोत बसून निघून गेले.

त्या रात्री मी स्वतःला खूप कारणं दिली. छोटी टुर्नामेंट आहे, एका रनाने काय होतं, मुद्दाम थोडंच केलं... पण मला आजोबांचं झहीर अब्बासचं पान आठवत होतं. त्यांनी लूमच्या वहीत एकट्याने बसून शत्रूच्या २३५ धावा लिहिल्या, त्यातली एकही कमी केली नाही. माझ्याकडे छापील स्कोअरबुक होतं, आणि मी पाहुण्याची एक धाव खाल्ली.

तेव्हापासून माझं मत असं झालंय की आकड्यांचं प्रेम आणि मैदानावरचं वागणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. प्रेक्षक असभ्य असला की आकडासुद्धा खोटा व्हायला लागतो. कारण आकडा लिहिणारा पण माणूस असतो, त्याला पण भीती वाटते, त्याला पण हशात सामील व्हावंसं वाटतं. आणि ज्याला अर्धंच पान वाचायचंय, त्याचं आकड्यांवरचं प्रेम खोटं आहे. त्याला फक्त फेकायला दगड हवे असतात, मग ते आकड्यांचे का असेनात.

आपल्या महाराष्ट्राच्या क्रिकेटमध्येच याची मोठमोठी उदाहरणं आहेत. १९४८ च्या डिसेंबरात पुण्यात महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड रणजी सामना झाला. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद. तेव्हाचा फर्स्ट क्लास विक्रम ब्रॅडमनच्या ४५२ चा, म्हणजे हव्या होत्या फक्त १० धावा. महाराष्ट्र ४ बाद ८२६. काठियावाडचे कॅप्टन राजकोटचे ठाकोरसाहेब होते. विश्रांतीच्या वेळी त्यांनी सांगितलं, डाव घोषित करा, नाहीतर आम्ही घरी जातो. आणि खरंच गेले! निंबाळकर ४४३ वरच राहिले. पुढे त्यांना भारतातर्फे एकही टेस्ट खेळायला मिळाली नाही. समोरच्याच्या नावापुढे मोठा आकडा लिहिला जाणं सहन झालं नाही, म्हणून मैदान सोडलं. मी वही मिटली ते तरी काय वेगळं होतं?

दुसरं उदाहरण तर आमच्या शेजारचं, कल्याणचं. २०१६ च्या जानेवारीत प्रणव धनावडे या शाळकरी मुलाने भंडारी कपमध्ये नाबाद १००९ केले, ३२७ बॉल्समध्ये. ए. ई. जे. कॉलिन्सचा १८९९ पासूनचा ६२८ चा विक्रम मोडला. रिक्षाचालकाचा मुलगा, पंधरा वर्षांचा. जगभर बातमी झाली, आम्ही शाळेत नाचलो. पण मला सांगा, १००९ सगळ्यांना पाठ आहे, समोरच्या टीमचे आकडे कुणाला आठवतात? ते ३१ आणि ५२ वर ऑलआउट झाले होते. १४६५ धावा होईपर्यंत तीच शाळकरी पोरं उन्हात बॉल आणत होती. तीही त्याच पानावर आहेत. आणि खुद्द प्रणवचं काय झालं? त्या एका आकड्याने आपण त्याला मोजत राहिलो. त्याला मुंबई क्रिकेट असोसिएशनने शिष्यवृत्ती दिली होती. मुलाच्या धावा होत नाहीयेत, शिष्यवृत्ती थांबवा, असं त्याच्या वडिलांनीच कळवल्याची बातमी २०१७ मध्ये आली. ती वाचून मला त्या वडिलांबद्दल खूप आदर वाटला, आणि आपली सगळ्यांची थोडी लाज.

मोठ्यांनाही आपण सोडत नाही. २००६ च्या मार्चमध्ये वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध सचिन २१ बॉल्समध्ये १ करून आउट झाला, तेव्हा काही प्रेक्षकांनी त्याला हुर्यो केली. सचिनला! त्याच्याच गावात! तेव्हा त्याच्या नावावर ३५ टेस्ट शतकं होती. १ दिसला, ३५ नाही दिसली. २०२४ च्या १ एप्रिलला तिथेच हार्दिक पांड्या मुंबईचा कॅप्टन म्हणून टॉसला आला आणि इतका हुर्यो झाला की संजय मांजरेकरांना माइकवरून प्रेक्षकांना नीट वागा म्हणून सांगावं लागलं. मग २९ जूनला वर्ल्ड कप फायनलच्या शेवटच्या ओव्हरमध्ये साउथ आफ्रिकेला १६ हवे असताना त्याच हार्दिकने बॉल टाकला, आपण ७ धावांनी जिंकलो, आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्याच नावाचा जयघोष! माणूस तोच, मैदान तेच. तीन महिन्यांत फक्त आपल्याला हवा तो आकडा आला.

पण हेच वानखेडे दुसरंही करू शकतं, म्हणून मी निराश नाही. २०२१ च्या डिसेंबरमध्ये न्यूझीलंडच्या एजाज पटेलने तिथे भारताच्या एका डावात दहाच्या दहा विकेट काढल्या, ११९ धावांत. जिम लेकर आणि अनिल कुंबळेनंतर टेस्टमध्ये असं करणारा तो तिसराच. जन्म मुंबईचा, लहानपणी न्यूझीलंडला गेलेला. आपले दहाही बॅट्समन त्याने आउट केले आणि आपल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपली टीमसुद्धा टाळ्या वाजवत होती. गंमत बघा, त्याच दिवशी न्यूझीलंड ६२ वर ऑलआउट झालं आणि पुढे मॅच आपण ३७२ धावांनी जिंकली. समोरच्यासाठी टाळ्या वाजवल्याने आपलं काहीही कमी झालं नाही. आजोबा म्हणायचे तेच, फक्त उलट्या बाजूने!

आता तुमच्यातले काही जण म्हणतील, "यार, तू सगळी मजाच काढून टाकतोस. मॅच म्हणजे काय लायब्ररी आहे का? शांत बसून मॅच बघायची तर कॉलेज कशाला, डायरेक्ट पेन्शनच घेऊ." पटतं मला. ओरडायलाच पाहिजे. माझा घसा सगळ्यात आधी बसतो. समोरच्या टीमच्या रनरेटची टिंगल करा, बॉलरच्या लूज बॉलवर "थँक्यू!" म्हणा, आपल्या कॅप्टनला सल्ले द्या, जे तो कधीच ऐकणार नाही. ते सगळं खेळाबद्दल आहे. कुणाची आई, कुणाची जात, कुणाचा रंग, कुणाचा लंगडा पाय, हे खेळाबद्दल नाही. ते कुठल्याच स्कोअरबुकात लिहिता येत नाही. मला वाटतं हीच साधी कसोटी आहे. जे ओरडतोय ते स्कोअरबुकाच्या शेऱ्यात लिहायला लाज वाटत नसेल, तर खुशाल ओरडा.

दिवाळीच्या सुट्टीत मी एक काम केलं. टुर्नामेंटच्या प्रवेश यादीत पाहुण्या टीमच्या कॅप्टनचा नंबर होता. चार वेळा डायल करून कट केला, पाचव्यांदा लावला. सगळं सांगितलं. ५७, ८, ६५, टॅली, सगळं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मला वाटलं, आता पडणार शिव्या. ते म्हणाले, "अरे भाऊ, रनाचं जाऊ दे. एक रन इकडे, एक रन तिकडे, चालतं. पण आमच्या पोराला माइकवर लंगड्या बोलले ना, ते त्याला अजून लागलंय. यंदा तो तुमच्या गावाला यायचं नाय बोलतो."

मला धाव परत करायची होती. त्यांना धावेचं काहीच नव्हतं.

मी त्यांना सॉरी म्हटलं, आणि त्या मुलालाही सांगा म्हटलं. "तूच सांग की," म्हणाले आणि नंबर दिला. त्याच्याशी काय बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो, आधीच्या फोनपेक्षा तो फोन लावणं जास्त कठीण होतं. कमिटीच्या काकांना पण सांगितलं. ते आधी चिडले, मग म्हणाले, "पुढच्या टायमाला दोन पोरं बसवू स्कोअरला." आणि डीजेवाल्याचं काय, विचारलं तर म्हणाले, "बघू." बघू म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहेच. पण मी मागे लागणार आहे.

मित्रांनो, आता आपलं. गॅदरिंगच्या आधी आपली इंटर-हॉस्टेल टुर्नामेंट आहे. जिमखान्याच्या सरांना आणि रेक्टर सरांना मी या लेखातूनच तीन विनंत्या करतो. एक, प्रत्येक मॅचला दोन्ही टीमचा एक-एक स्कोअरर शेजारी-शेजारी बसू द्या, आणि दर ओव्हरला आकडा जुळल्याशिवाय पुढचा बॉल नको. दोन, बॉलर धावायला लागला की साइटस्क्रीनच्या बाजूने कुणी चालायचं नाही. आपल्याकडे साइटस्क्रीन म्हणजे मेसची मागची भिंत, पण नियम तोच. तीन, माइक ज्याच्या हातात असेल त्याने खेळाडूच्या शरीरावर आणि घरच्यांवर बोलायचं नाही. बोलला तर माइक काढून घ्या, दंड-बिंड नको.

आणि टीव्ही रूमपुरतं माझ्याकडून. वॉचमन काकांना मी परवा विचारलं, पुढच्या मॅचला याल ना? ते म्हणाले, "अभ्यास करा रे." म्हणजे अजून राग आहे. ते स्टूल परत दाराशी येईपर्यंत आपला रेकॉर्ड काही चांगला म्हणता येणार नाही.

टुर्नामेंटच्या पहिल्या मॅचला आमच्या हॉस्टेलतर्फे स्कोअरला मी बसणार आहे. माझं गणित कसं आहे ते तुम्ही वाचलंच. शेजारची खुर्ची समोरच्या टीमची आहे. ज्याला बेरीज येते आणि जो माझ्या हातातल्या पेन्सिलीवर लक्ष ठेवेल, त्याने जिमखान्यात नाव द्यावं.